लाईट गेली, तरी लाईन मेलेली नसते

शहापूर-मुरबाडकडे पहिला पाऊस आला की लाईट जाणार, हे ठरलेलेच असते. मे महिनाभर उन्हात तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडते, त्याला केसाएवढी चीर जाते, चिरेत पाणी शिरते आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाईन, ट्रिप होतो. मग किन्हवली असो, डोळखांब असो, टोकावडे असो की धसई, लाईनमन लाईन धरून चालत निघतो आणि एकेक खांब तपासतो. दोष सापडला की तो लगेच खांबावर चढत नाही. आधी उपकेंद्राला फोन करून उत्तराची वाट पाहतो. मग एक लांब फायबरचा दांडा काढतो, त्याच्या जाड तारेचे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला घट्ट आवळतो आणि दांड्याने वरच्या तिन्ही तारांना एकापाठोपाठ एक आकडे अडकवतो.

खाली जमलेल्यांपैकी कुणी तरी म्हणतोच, "भाऊ, लाईट तर मघापासून नाहीच. मग हे कशाला? चढा ना लवकर."

प्रश्न रास्त आहे. पंखा थांबला, बल्ब विझला, म्हणजे तारेत वीज नाही असेच कुणालाही वाटणार. पण बल्ब विझला यावरून एवढेच कळते की बल्ब लागण्याइतकी वीज तुमच्या घरापर्यंत पोचत नाही. माणूस मरायला त्याहून फार कमी वीज पुरते, आणि ती कुठल्या वाटेने येईल हे घरातल्या बटणाकडे पाहून सांगता येत नाही.

जीव घ्यायला किती वीज लागते?

वीज वाहून नेणारा दाब व्होल्टमध्ये मोजतात आणि प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये. घरातल्या सॉकेटमध्ये दाब २३० व्होल्ट असतो. डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, वरच्या बाजूला तो ११ हजार किंवा २२ हजार व्होल्ट असतो. इजा मात्र शरीरातून किती प्रवाह गेला यावर ठरते. हा प्रवाह इतका लहान असतो की तो मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात, मोजावा लागतो.

साधारण १ मिलिअँपिअरला हाताला झिणझिण्या येतात. पुढची पायरी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी मोजली. शंभराहून अधिक स्वयंसेवकांच्या मुठीत तांब्याची तार देऊन त्यांनी प्रवाह हळूहळू वाढवत नेला आणि कुठल्या आकड्याला मूठ सोडवता येईनाशी होते हे नोंदवले. पुरुषांचा सरासरी आकडा १६ मिलिअँपिअर आला, स्त्रियांचा साडेदहा. बोटे मिटणारे स्नायू बोटे उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त ताकदीचे असतात. प्रवाह दोन्हींना एकदम आवळायला लावतो, आणि मिटणारे स्नायू जिंकतात. आपल्याकडे 'करंटने ओढून घेतले' म्हणतात. खरे तर तार कुणाला ओढत नाही, आपलीच मूठ तिच्याभोवती मिटते आणि उघडत नाही.

प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की छातीचे स्नायू आखडून श्वास अडू लागतो. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून काही क्षण गेले, तर हृदयाची लय तुटू शकते. मग ठोका पडत नाही, हृदयाचा स्नायू नुसता थरथरत राहतो आणि मेंदूकडे रक्त जाणे थांबते.

आता घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या. तो सुमारे ४० मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे घरातला एक साधा दिवा लावायला जेवढा प्रवाह लागतो, तेवढा छातीतून गेला तर माणसाचा श्वास थांबू शकतो आणि तो जास्त वेळ गेला तर जीव धोक्यात येतो. बोर्डातली एमसीबी १६ अँपिअरची असते, म्हणजे याच्या चारशे पट. 'एमसीबी आहे, शॉक लागला तर ट्रिप होईल' हा समज त्यामुळे जीवघेणा आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून बसवलेली असते. माणसातून जाणारा प्रवाह तिच्या गणतीतच नसतो. डीपीवरच्या किटकॅट फ्यूजचे तर विचारूच नका. वारंवार उडतो म्हणून त्यात तारेचे चार-चार पदर भरलेले असतात, आणि असा फ्यूज तार जमिनीवर पडली तरी उडत नाही.

दाब तोच असताना प्रवाह किती जाईल हे कातडीवर ठरते. कोरडा, घट्टे पडलेला हात हजारो ओहमचा अडथळा करतो. ओली कातडी हजार ओहमच्या आसपास उतरते. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. चिखलात लावणी करणारी बाई, मोटारीच्या पेटीला हात लावणारा शेतकरी आणि पावसात भिजून खांबाशी उभा असलेला लाईनमन, तिघेही याच हिशेबात येतात.

बंद लाईनमध्ये वीज कुठून येते?

गावच्या नळपाणी योजनेचा विचार करा. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला, तरी पाइप लगेच कोरडा होत नाही. आत साठलेले पाणी राहते. व्हॉल्व्ह पुरता बसला नसेल तर थेंब-थेंब येतच राहते. आणि एखाद्याने आपल्या घरची टाकी मोटार लावून त्याच पाइपला जोडली असेल, तर पाणी उलट्या बाजूने येऊन सगळ्या गल्लीत पसरते. व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. विजेच्या लाईनचेही असेच होते.

सुरुवात व्हॉल्व्हपासूनच करू. खांबावर तीन तारांसाठी तीन पाती असलेला स्विच असतो, त्याला एबी स्विच म्हणतात. खालची दांडी ओढली की तिन्ही पाती एकदम उघडायला हवीत. पण दोन पावसाळे तेलपाणी न मिळालेल्या स्विचमध्ये कधी दोनच पाती उघडतात, तिसरे गंजून किंवा ठिणगीने चिकटून जागच्या जागी राहते. दांडी मात्र पूर्ण खाली आलेली असते. म्हणून जाणता लाईनमन दांडी ओढून झाली की मान वर करून तिन्ही पाती डोळ्यांनी मोजतो. रात्री बॅटरी मारून मोजतो. डीपीच्या वरच्या बाजूचे डीओ फ्यूज काढतानाही तसेच. तिन्ही नळ्या खाली लोंबताना दिसल्याखेरीज पुढे जायचे नाही.

दुसरी चूक होते ती लाईन ओळखण्यात. एका उपकेंद्रातून अनेक फीडर निघतात, काही ठिकाणी दोन लायनी एकाच खांबावरून जातात, काही ठिकाणी एकमेकींना ओलांडतात. बंद केली एक आणि माणूस चढला दुसरीवर, असे झाले तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

उलटी येणारी वीज मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण ती लाईनमनच्या हातात नसते, तुमच्या-माझ्या हातात असते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फार्महाऊस, रिसॉर्ट, पोल्ट्री वाढल्या आहेत. लाईट गेली की जनरेटर सुरू होतो. तो नीट बसवलेला असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच असतो. हा स्विच एका वेळी एकच वाट उघडी ठेवतो, महावितरणची किंवा जनरेटरची. पण पुष्कळ ठिकाणी जनरेटरची वायर सरळ एखाद्या सॉकेटमध्ये खुपसलेली असते. मेन स्विच पाडायचा राहिला, की जनरेटरचे २३० व्होल्ट मीटरमधून मागे जातात आणि डीपीपर्यंत पोचतात.

डीपी उलट्या बाजूनेही तसाच चालतो. वरून आलेला २२ हजारांचा दाब उतरवून तो घरी अडीचशेच्या आसपास करतो, तर घराकडून आलेले २३० व्होल्ट चढवून तो वरच्या तारांवर २० हजारांच्या घरात नेतो. शेजारच्या घरांचा भार अंगावर आला की लहान जनरेटर दम टाकतो. पण लाईन तुटून थोडाच तुकडा जोडलेला राहिला असेल आणि जनरेटर मोठा असेल, तर तो चालत राहतो. उपकेंद्रातला ऑपरेटर लाईन बंद असल्याचे खरेच सांगत असतो. त्याचा ब्रेकर, म्हणजे उपकेंद्रातला मोठा स्विच, उघडा असतो. तरी तारेत वीज असते.

कंपनीने नीट बसवलेल्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये ही वाट आतूनच तोडलेली असते. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आल्यापासून छतावर सौर पॅनेल बसवण्याकडे ओढा वाढला आहे. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच दोन सेकंदांच्या आत स्वतः थांबावा, अशी त्याची रचना असते. लाईट गेल्यावर कडक उन्हातही सौर घर अंधारात का राहते, याचे उत्तर हेच आहे. ती त्रुटी नाही, खांबावरच्या माणसासाठी मुद्दाम केलेली सोय आहे.

आणखी एक वाट अशी की तार कुठेही न जोडता तिच्यात वीज येते. जोराचा प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते, उच्च दाबाच्या तारेभोवती विद्युत क्षेत्र असते, आणि शेजारून लांबवर समांतर गेलेल्या बंद तारेतही त्यामुळे व्होल्टेज उभे राहते. याला प्रेरण म्हणतात. शहापूर तालुक्यात ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला जाणाऱ्या रेल्वेवर २५ हजार व्होल्टची तार आहे. शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघ्याला ४०० केव्हीचे मोठे उपकेंद्र आहे, त्यामुळे या टापूत अतिउच्च दाबाचे मनोरे जागोजाग दिसतात. अशा तारांना समांतर गेलेली गावची लाईन बंद असतानाही हात लावण्याजोगी नसते.

आणि वळवाचे दिवस असतील तर आभाळही आहेच. माळशेजच्या बाजूला तारेवर वीज कोसळली तर तिची लाट तारेतून कित्येक किलोमीटर पुढे येते. इथे खांबावर चढलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी कोरडे आभाळ असू शकते. लांबवर गडगडाट ऐकू आला की खांबावरून उतरायचे, हा नियम त्यासाठी आहे.

लाईन क्लिअर

लाईनमन जो फोन करतो, त्याला 'लाईन क्लिअर' घेणे म्हणतात. कुणी एलसी म्हणतात, कुणी परमिट. उपकेंद्रातला ऑपरेटर ब्रेकर उघडतो, पुढचा आयसोलेटर उघडतो, त्या बाजूला अर्थ देतो, म्हणजे लाईन जमिनीला जोडतो, हँडलवर 'माणसे काम करत आहेत' अशी पाटी लावतो, वहीत वेळ आणि नाव लिहितो आणि मग परवानगी देतो. ज्याने लाईन क्लिअर घेतली, त्यानेच ती परत करायची असते. एकाच फीडरवर दोन टोळ्या काम करत असतील तर दोन वेगळ्या लाईन क्लिअर हव्यात. एका टोळीचे काम संपले म्हणून लाईन चालू झाली, तर दुसरीकडचा माणूस तारेवरच असतो.

या पद्धतीला सगळ्यांत मोठा सुरुंग लागतो तो वेळ ठरवून घेतलेल्या शटडाऊनने. 'अर्ध्या तासाने चालू कर, तोवर होईल' असे तोंडी ठरते. डोंगरात मोबाइलची रेंज जाते. खाली एक नट सापडत नाही. अर्धा तास होतो आणि उपकेंद्रातला माणूस ठरल्याप्रमाणे ब्रेकर लावतो. दोघांनीही शब्द पाळलेला असतो आणि एकाचा जीव जातो. काम संपले हे घड्याळ सांगू शकत नाही, ते काम करणाऱ्यानेच सांगायचे असते.

इथे गावकऱ्यांनीही स्वतःकडे पाहायला हवे. लाईट गेल्यापासून उपकेंद्राला आणि लाईनमनला फोनवर फोन जातात. एका लाईनमनकडे अनेक गावे आणि पाडे असतात, मधे जंगल असते, पावसात ओढे भरलेले असतात. त्याला घाईला लावणे म्हणजे लाईन क्लिअरची एखादी पायरी गाळायला लावणे. आणि तो येत नाही म्हणून गावातल्या एखाद्या धीट पोराला बांबू देऊन डीपीचा फ्यूज टाकायला पाठवणे, हे तर कुठल्याच कारणाने समर्थनीय नाही. ओला बांबू वीज वाहून नेतो.

दांडा, तार आणि सळई

लाईन क्लिअर मिळाली, पाती मोजली, तरी तारेला हात लावायचा नाही. आधी व्होल्टेज डिटेक्टरने तपासायचे. मग तो दांडा. त्याला डिस्चार्ज रॉड किंवा अर्थिंग रॉड म्हणतात.

तारेत साठलेला किंवा प्रेरणाने आलेला भार तो जमिनीत उतरवतो, हे त्याचे छोटे काम. मोठे काम वेगळेच आहे. तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून ठेवल्या असताना कुणी चुकून उपकेंद्रातून लाईन चालू केली, तर प्रचंड प्रवाह या जोडणीतून वाहतो. एवढा मोठा प्रवाह उपकेंद्रातल्या रिलेच्या, म्हणजे प्रवाहावर नजर ठेवणाऱ्या साधनाच्या, लगेच लक्षात येतो आणि ब्रेकर सेकंदाच्या अंशात पडतो. तेवढ्या क्षणातही माणूस जिथे काम करतो तिथे तार, खांब आणि जमीन एकमेकांना जोडलेली असल्यामुळे त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक कमी राहतो. फरकच कमी, तर शरीरातून जाणारा प्रवाहही कमी. जनरेटरची उलटी वीज आली तरी तीही याच जोडणीत अडकते आणि जनरेटर बंद पडतो.

म्हणूनच रॉड कामाच्या दोन्ही बाजूंना लावतात. वीज कुठल्या बाजूने येईल हे माहीत नसते.

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी जमिनीकडचे टोक, मग तारेकडचे. उलट केले आणि तारेत वीज असली, तर जमिनीला जोडायचे मोकळे टोक हातात असतानाच जिवंत होते. काढताना आधी तारेकडचा आकडा सोडायचा आणि सगळ्यांत शेवटी जमिनीचे टोक. शहाणा लाईनमन सळई ओल्या जमिनीत खोल ठोकतो. कातळ लागला तर जागा बदलतो, कारण मुरमावर नुसती टेकवलेली सळई असून नसल्यासारखी.

रबरी हातमोज्यांचीही एक साधी परीक्षा आहे. मोजा मनगटाकडून गुंडाळत नेऊन आत हवा कोंडायची, फुगलेली बोटे दाबायची आणि गालाजवळ धरायची. कुठे हवा लागली तर सुईएवढे भोक आहे आणि तो मोजा निकामी. बाजारात मिळणारे बागकामाचे रबरी मोजे या कामाचे नव्हेत. विजेच्या मोज्यावर तो किती व्होल्टपर्यंत चालतो हे छापलेले असते.

मग चालू लाईनवर काम करणारे कोण?

चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची एकदिश प्रवाहाची लाईन १९९९ मध्ये सुरू झाली. ७५२ किलोमीटर लांब आणि १५०० मेगावॅट वाहून नेण्याच्या क्षमतेची. अशा लायनी आणि ४०० केव्हीचे मार्ग दर वेळी बंद ठेवणे परवडत नाही. एक मार्ग बंद केला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. त्यामुळे पारेषणाच्या क्षेत्रात चालू लाईनवर काम करण्याचे वेगळे शास्त्र विकसित झाले आहे. बंगळुरूला राष्ट्रीय ऊर्जा प्रशिक्षण संस्थेचे त्यासाठी खास केंद्र आहे.

तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक लागत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच दाबावर असतात. फरक नाही म्हणून प्रवाह नाही. उघड्या हाताने चालू तारेवर काम करणारा माणूस हेच तत्त्व वापरतो. धातूचे धागे विणलेला पोशाख डोक्यापासून पायापर्यंत चढवून, जमिनीपासून पूर्ण तोडणाऱ्या शिडीवरून तो तारेपर्यंत जातो आणि आधी आपला पोशाख तारेला जोडून घेतो. मग तो आणि तार एकाच दाबावर येतात. त्या वेळी कुणी खालून साधी दोरी त्याच्या हातात दिली, किंवा तो मनोऱ्याच्या लोखंडाजवळ सरकला, तर सगळे संपले. म्हणून अंतरे मोजलेली असतात, दोर तपासलेले असतात, ओल्या हवेत काम होत नाही आणि प्रत्येक हालचाल खालून पाहणारा एक माणूस ठेवलेला असतो.

याचा आणि गावात 'मी चालू लाईनवर काम करतो' म्हणणाऱ्या वायरमनचा काही संबंध नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे जिवंत लाईनवर काम करायला माणूस त्यासाठी नेमलेला असावा लागतो आणि विद्युत निरीक्षकांनी मान्य केलेले सुरक्षेचे उपाय त्याने योजावे लागतात. हातात पक्कड आणि पायात स्लीपर घालून चालू बोर्ड उघडणे याला मी कौशल्य मानत नाही. पायातले रबर हात ते हात जाणाऱ्या प्रवाहाला अडवत नाही, आणि तो प्रवाह थेट छातीतून जातो.

घरातली 'बंद' वायर

घरातही तीच गोष्ट लहान प्रमाणात घडते. पंख्याचे बटण बंद केले आणि स्टुलावर चढून हात लावला, तरी शॉक बसतो. बहुतेक वेळा कारण एकच असते, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले. बटण बंद केल्याने परतीची वाट तुटते, पंखा थांबतो, पण फेज पंख्यापर्यंत आलेलाच असतो. परतीची वाट मग तुम्ही होता.

टेस्टरवर विसंबतानाही जपावे. टेस्टरचा दिवा लागतो तो तुमच्याच अंगातून जाणाऱ्या, मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाहावर. भर उन्हात तो मिणमिणता दिवा दिसत नाही. टेस्टर बिघडला असला तरीही तो लागत नाही. न लागलेला टेस्टर म्हणजे वीज नाही, असे धरू नये. आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून दिवा लागतो हे पाहावे, मग कामाची वायर तपासावी, आणि पुन्हा चालू सॉकेटमध्ये लावून तो अजून शाबूत आहे हे पाहावे. मोटारीच्या स्टार्टरमधला कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भार धरून ठेवतो, तोही विसरू नये.

| चौकट: घरात किंवा शेतावर पेटी उघडण्याआधी |
|---|
| नुसते बटण नाही, मेन स्विच पाडा. किटकॅट असेल तर काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कुणी परत बसवणार नाही. |
| जनरेटर आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद आहेत ना, स्वतः जाऊन पाहा. |
| टेस्टर आधी चालू जागी, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. |
| हात कोरडे, अंगठी आणि कडे काढलेले, पायाखाली कोरडी फळी. |
| घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. |
| काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्या. |

आरसीसीबीबद्दल थोडे अधिक. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, हे ती सतत तोलत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून प्रवाह जमिनीत जात असला, की ती क्षणात पडते. डॅल्झिएल यांनी असेच साधन घडवले ते वर सांगितलेल्या आकड्यांवरूनच. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर प्रवाह पुरा परत येतो. तिला फरक दिसत नाही आणि ती पडत नाही.

तार खाली पडली तर

तुटून जमिनीवर पडलेली तार मेलेली असेल असे समजू नका. प्रवाह मोठा असेल तरच उपकेंद्रातला ब्रेकर पडतो. कोरड्या मुरमावर, कातळावर किंवा पाचोळ्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत इतका थोडा प्रवाह जातो की रिलेला ते नेहमीच्या वापरासारखेच वाटते. तार शांत पडलेली असते, ठिणगीही नसते, आणि तिच्यात पूर्ण दाब असतो.

जमीन ओली असेल तर धोका आणखी एका प्रकारे वाढतो. तार टेकली तिथून व्होल्टेज जमिनीत चहूकडे उतरत जाते. जवळ जास्त, दूर कमी. चालताना एक पाय पुढे आणि एक मागे असला की दोन पायांखालच्या दाबांत फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. बैल आणि गाई अशा वेळी आधी मरतात ते याचमुळे. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून फरक जास्त, आणि मधल्या वाटेवर हृदय. खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला जनावर बांधू नये, ते यासाठीच.

पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर लांब राहा, इतरांना अडवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा. चुकून जवळ पोचलाच असाल तर मोठी पावले टाकून पळू नका. दोन्ही पाय जोडून, पाऊल न उचलता घसटत मागे सरा. जनावर तडफडताना दिसले तरी लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याच्याकडे धावू नका. जनावराला वाचवायला गेलेला माणूसही त्याच जमिनीवर पाय टाकत असतो.

शॉक लागलेल्या माणसाला

आधी वीज तोडा. घरातली असेल तर मेन स्विच. तो हाताशी नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा. हे फक्त घरच्या २३० व्होल्टपुरते. डीपीच्या वरच्या तारांना कुणी चिकटले असेल तर लाकूडही चालत नाही, उपकेंद्रातून लाईन बंद होईपर्यंत जवळ जायचे नाही.

वीज तुटल्यावर त्या माणसाला हात लावायला काहीच भीती नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. मातीत पुरून ठेवले की अंगातली वीज उतरते, हा समज खोटा आहे, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. हाक मारून पाहा. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल किंवा अडकत-अडकत येत असेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणा निजवा. छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपरे सरळ ठेवून, निदान ५ सेंटीमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला लावा. एखाद्या आडपाड्यावर रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, तोवर मेंदूला रक्त पोचवणारे तुमचे हातच असतात. दमलात तर दुसऱ्याकडे द्या, पण थांबू नका.

माणूस उठून बसला, बोलू लागला, 'आता बरे वाटतेय' म्हणाला, तरी त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्याच. कातडीवर नखाएवढाच डाग असतो आणि आत स्नायू खोलवर भाजलेले असतात. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढून घ्यावा. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: वीज घरची होती की वरच्या तारेची, किती वेळ चिकटला होता, आणि डाग कुठे-कुठे आहेत. वीज कुठून आत शिरली आणि कुठून बाहेर पडली, यावरून वाटेत काय-काय आले असेल ते डॉक्टरांना कळते.